धुतलेले दगड

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला आणि घाटरस्त्याच्या अठराव्या किलोमीटरला दरड खाली आली. कोणी गेलं नाही, गाडीही अडकली नाही. जेसीबीने दोन तासांत रस्ता मोकळा केला. बातमी म्हणावी तर एवढीच होती की तो उतार नकाशावर हिरवा, म्हणजे सुरक्षित होता.

दरडीतले चार मोठे दगड ट्रॅक्टरने कोअर शेडवर आणून टाकले. अंकुश खोपडे त्या शेडमध्ये एकतीस वर्षं काम करत होता. शेड म्हणजे पत्र्याचं लांब गोदाम. डोंगरात भोक पाडून काढलेल्या दगडाच्या कांड्या तिथे लाकडी पेट्यांतून ओळीने मांडून ठेवलेल्या असत. त्या टापूतल्या प्रत्येक डोंगराची एक तरी पेटी तिथे होती. कुठली पेटी कुठल्या फळीवर आहे ते अंकुशला विचारावं, कॉम्प्युटर उघडायची गरज नसे.

त्याने पहिल्या दगडाच्या सपाट बाजूवर हात फिरवला. ही बाजू म्हणजे डोंगरातल्या भेगेची एक भिंत. इथूनच तो सुटून आला होता. बोटांना दगड खडबडीत लागला, पण त्या खडबडीवर काहीतरी होतं. ओलं, राखाडी, बोट सरकेल असं. त्याने नखाने खरवडलं. नखाखाली साबणासारखा लगदा आला.

सवयीने त्याचा हात खुंटीवरच्या ब्रशकडे गेला. ब्रश बादलीत बुडवून त्याने दगडावर टेकवलासुद्धा. आणि मग तो तसाच थांबला, कारण हा लगदा त्याने आधी कुठे पाहिला होता ते त्याला आठवलं. त्याने स्वतः ओळखला नव्हता. बायकोने, रंजनाने दाखवला होता.

*

डोंगराच्या पोटातला दगड अखंड नसतो. त्याला भेगा असतात, त्यांना कामावरची माणसं सांधे म्हणतात. सांधा उताराच्या दिशेने कललेला असेल तर वरचा दगड खालच्यावरून घसरायला बघतो. त्याला धरून ठेवतं ते सांध्याचं खडबडीतपण. दोन करवती दातात दात घालून एकमेकींवर ठेवल्या तर वरची सहज सरकत नाही. एकतर तिला दातांवर चढून जावं लागतं, नाहीतर दात मोडावे लागतात. वर ओझं कमी असेल तर ती चढते, जास्त असेल तर दात मोडतात. दात जितके उंच आणि धारदार, तितका डोंगर धरून राहतो. एकदा मोडले की मात्र ते पुन्हा येत नाहीत.

हे जुनं ज्ञान होतं. पूर्वी सांध्याचा खडबडीतपणा माणसं डोळ्यांनी, सुयांच्या फणीने मोजत आणि त्याला शून्य ते वीस असा अंक देत. अंकुशचं आयुष्य त्यातच गेलं. कांडीतला सांधा काढायचा, धुऊन साफ करायचा, दोन्ही अर्धे सिमेंटच्या ठोकळ्यात बसवायचे, वरून दाब द्यायचा आणि बाजूने ओढायचं. किती जोर लागला ते लिहायचं. अशा नऊ हजारांवर चाचण्या त्याच्या हातून झाल्या होत्या.

मग सहा वर्षांपूर्वी स्पर्शक आला. हाताएवढ्या लांबीचा पोलादी दांडा, भोकात सोडायचा. तो आवाजाच्या लाटा सोडतो आणि परत येणाऱ्या लाटांवरून आसपासच्या सगळ्या सांध्यांचं रूप काढतो. मनगटाएवढ्या कांडीवरून डोंगराचा अंदाज बांधायचे दिवस संपले. आता मशीन भोवतालचा पंधरा मीटर दगड चाचपत होतं. पण नुसतं रूप कळून काय उपयोग? कुठल्या रूपाचा दगड किती जोराला टिकतो हे मशीनला शिकवावं लागलं. ते शिकलं अंकुशच्या नऊ हजार चाचण्यांवर. उद्घाटनाला त्याला शाल दिली होती, रंजना पहिल्या रांगेत बसली होती.

*

सुरुवातीच्या वर्षांत शेडला पाणी नव्हतं. क्वार्टरच्या मागे बोअर होती, म्हणून उन्हाळ्यात तो पेट्या घरी आणायचा आणि दोघं मिळून कांड्या धुवायची. रंजना कपड्यांच्या दगडापाशी बसायची, तो मोरीच्या कडेला. त्याचे पहिले साहेब कडक होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सांध्यावर कणभर माती दिसली तर नमुना परत धुवायला लावीन. अंकुशने ते इतकं मनावर घेतलं की त्याच्या पेट्या बघायला दुसऱ्या विभागाची माणसं यायची.

रंजनाला त्यातले चाचणीला न चाललेले अर्धे आवडायचे. अंक सतरा-अठराचा असला की ती तो बाजूला ठेवायची, टाचा घासायला. गल्लीतल्या बायका मागून न्यायच्या. अंकुश म्हणायचा, "सरकारी दगडावर सगळ्या गल्लीच्या टाचा गुळगुळीत झाल्या." ती म्हणायची, "मग लिहा ना तुमच्या वहीत."

अशाच एका दुपारी ती म्हणाली होती, "अहो, हे बघा. ह्या कांडीत साबण भरल्यागत आहे. बोट थांबतच नाही."

"माती असेल. घास जोरात."

"माती अशी नसते. मातीत खरखर असते. हे मेणचट आहे. आमच्या कोंडशेतच्या डोंगरातलं आहे ना हे?"

"तुझ्या माहेरचा आहे म्हणून काय पूजा करायची? घास."

तिने घासलं. पेटी क्रमांक दोनशे सतरा.

*

कोंडशेत हे गाव धरणाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पोटाशी होतं. सव्वीस घरं. तिथे रंजनाचा भाऊ गेनबा मरगळे राहत होता. तीन वर्षांपूर्वी गावाला खाली सपाटीवर हलवायचं ठरत आलं होतं. प्लॉट पडले होते, नळ आला होता. निम्मं गाव तयार होतं. तेवढ्यात स्पर्शकचा निकाल आला, कोंडशेत हिरवं, अंक चौदा. गावाने अंकुशला बोलावलं, आपला जावई आहे, तो खरं सांगेल म्हणून.

देवळापुढे सगळे जमले. अंकुशने टॅबवर नकाशा दाखवला. समजावून सांगितलं. तेव्हा बायकांत बसलेली रंजना उठली.

"गोठ्यामागची भेग दोन साल मागं दोन बोटं होती. आता माझा हात जातो आत. हिरवं असू दे नाहीतर निळं. गेनूदादा, मी म्हणते खाली जा."

कोणीतरी म्हणालं, "रंजाक्का, मशीनपेक्षा तुमाला जास्ती कळतं काय?"

आणि अंकुश म्हणाला, "हिला दगडातलं एवढंच कळतं, टाचा कशाने घासायच्या."

गाव हसलं. गेनबा हसला. अंकुशही हसला. रंजना थोडा वेळ उभी राहिली आणि मग खाली बसली. गाव खाली गेलं नाही.

परत येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "तुम्ही पण हसलात."

"अगं, गंमत केली."

त्यानंतर तिने दगडांबद्दल एक शब्द काढला नाही. घरात बाकी सगळं होतं तसं चालू राहिलं. भाजी काय आणायची, गॅस कधी लावायचा. अंकुशला वाटलं, विसरली. गेल्या कार्तिकात तिला झटका आला, तीन दिवस दवाखान्यात होती, बोलता येत नव्हतं, आणि गेली. तिला विचारावं असं तेव्हा त्याच्याकडे काही नव्हतं. आता होतं.

*

डॉ. अन्वी कारखानीस स्पर्शकची प्रमुख होती. वय छत्तीस. अंकुशला काका म्हणायची आणि तो बोलत असताना स्क्रीनकडे बघायची नाही, एवढ्यावरून तो तिला मानायचा.

त्याने दरडीतला दगड तिच्या टेबलावर ठेवला.

"खोपडेकाका, टेबल पुसलंय आत्ताच."

"हात लावा आधी. वरून खाली."

तिने लावला. मग दुसऱ्यांदा लावला.

"चिकणमाती आहे."

"सांध्यात वर्षानुवर्षं पाणी मुरतं, दगड कुजतो, त्याचा हा लगदा. दाते दोन मिलिमीटरचे आहेत आणि लगदा तीन मिलिमीटरचा. म्हणजे वरच्या दगडाचे दाते खालच्याला लागतच नाहीत. मधल्या लोण्यावर बसलाय तो."

"हे पुस्तकात आहे, काका. पण आपल्या नऊ हजार नमुन्यांत एकातही…" ती बोलता बोलता थांबली.

"एकातही नाही," अंकुश म्हणाला. "कारण मी धुतले. घरी नेऊन धुतले. शेडवर पोरं धुवायला लागली तेव्हा त्यांच्या मागे उभं राहून धुऊन घेतले."

अन्वीने खुर्ची मागे सरकवली. "पण काका, स्पर्शक तर जागेवरचा दगड ऐकतो. न धुतलेला. त्याला हा थर ऐकू यायला हवा."

त्या दुपारी ती जुने कोड काढून बसली. संध्याकाळी तिने त्याला बोलावून घेतलं. मशीनला तो थर ऐकू येत होता. लाट त्याच्यातून जाताना थोडी मऊ होऊन परत यायची. पण धुतलेल्या दगडांवर शिकलेल्या मशीनला त्याचा अर्थ माहीत नव्हता. त्याने तो गोंगाट समजून गाळून टाकायचा नियम स्वतःच बनवला होता, आणि माणसांनी तो तपासून बरोबर म्हणून सही केली होती. खाली सही अन्वीची होती.

"म्हणजे आम्हीसुद्धा धूतच होतो," ती म्हणाली.

"किती गावं हिरवी आहेत?"

"बेचाळीस. सगळीकडे हा थर असेल असं नाही. पण कुठे आहे ते आज आपल्याला माहीत नाही. नव्याने शिकवायला आठ महिने लागतील. समिती माझं पत्र वाचेल जूनमध्ये, रंग मागे घ्यायचे की नाही ते ठरेल ऑगस्टमध्ये. पुरावा लागेल, काका. न धुतलेला एक तरी नमुना. कुठून सुरू करायचं?"

"कोंडशेत," अंकुश म्हणाला.

*

एप्रिलमध्ये त्यांनी गेनबाच्या गोठ्याच्या वरच्या अंगाला भोक घेतलं. नेहमी ड्रिल थंड ठेवायला पाणी सोडतात, ते पाणीही सांधा धुऊन काढतं. म्हणून अंकुशने पाणी बंद ठेवलं, हवेवर काम केलं. दिवसाला दीड मीटर. गेनबा बांधावर बसून बघायचा.

"दाजी, हिरवं हाय म्हनलावता ना? मग परत भोक कशापायी?"

"बघतोय."

"बगा. आमी हाय हितंच."

अकराव्या मीटरला सांधा मिळाला. अंकुशने कांडी स्वतः बाहेर काढली, तान्ह्या मुलाला धरतात तशी. दोन्ही अर्ध्यांच्या मध्ये राखाडी मेणचट पट्टी होती. उन्हात वाळू नये म्हणून त्याने ती ओल्या फडक्यात गुंडाळली आणि घाट उतरेपर्यंत मांडीवर ठेवली.

चाचणी अन्वीने घेतली. आधी सांधा होता तसा ओढला. मग तोच धुऊन. दुसऱ्यांदा ओढताना दाते थोडे झिजलेले असणार, तरी धुतलेल्याने अठ्ठेचाळीस अंश दाखवले. म्हणजे तेवढा उतार झाला तरी दगड घसरला नसता. न धुतलेल्याने दाखवले एकोणीस. कोंडशेतचा सांधा सव्वीस अंशांनी कललेला होता.

"मग तो अजून उभा कसा आहे?" अन्वीने विचारलं.

"मध्ये कुठे कुठे भेग पूर्ण गेलेली नसेल. तिथे दगड अखंड आहे, त्यावर अडकून आहे. किती ठिकाणी ते सांगता येत नाही. दर पावसाळ्यात त्यातलं एखादं तुटतं. भेग रुंदावते ती त्यामुळेच. बायको हेच सांगत होती मला."

अन्वीने पत्र त्याच दिवशी पाठवलं. समितीच्या कार्यालयाचं उत्तर आलं, बाब गंभीर आहे, नियमाप्रमाणे पडताळणी होईल, तोपर्यंत नकाशा बदलू नये.

"मला गावात जाऊन बोलायची परवानगी नाही," ती म्हणाली. "तरीही मी येते."

"तुम्ही इथे लागणार आहात. एकेचाळीस गावं राहिलीत. कोंडशेतला मी जातो."

*

मेच्या शेवटच्या रविवारी देवळापुढे पुन्हा गाव जमलं. अंकुशने टॅब नेला नव्हता. सांगताना त्याने काही झाकलं नाही. कांड्या कशा धुतल्या, मशीन काय शिकलं, नवीन चाचणीत काय निघालं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. तीन वर्षांपूर्वीही असंच ऐकलं होतं.

शेवटी एक तरुण उठला, सरपंचाचा पुतण्या. "नकाशा अजून हिरवाच हाय की. मी आताच बगितला."

"हिरवाच आहे. बदलायला वेळ लागेल. तोपर्यंत पाऊस येईल."

"म्हंजे त्यावक्ती तुमी म्हनलाव ऱ्हावा, आमी ऱ्हायलो. आता म्हनताय जावा. पुढल्या साली काय म्हनशीला?"

गेनबा खांबाला टेकून बसला होता. आता तो बोलला, पण अंकुशकडे न बघता.

"रंजी माझ्या दारात बसली व्हती त्या साली. हात जोडून म्हनली, दादा, खाली चल. धाकटी भन हात जोडती. म्या काय म्हनलो? तुझ्या दादल्याचं मशीन हिरवं हाय, जा तिकडं त्येला सांग." त्याने पंच्याने तोंड पुसलं. "दाजी, तुमचं मशीन ऱ्हाऊ द्या. तुमची चाचनी बी ऱ्हाऊ द्या. रंजी काय म्हनत व्हती तेवडं नीट सांगा. पयल्यापासनं."

अंकुश सांगायला लागला. "ती म्हणाली, गोठ्यामागची भेग दोन बोटांची होती, आता हात जातो."

"आन?"

"आणि कांडीत मेणचट लागतं म्हणाली होती."

"आन?"

आणखी काहीतरी होतं. गाडीत, जेवताना, माहेरून परत आल्यावर ती सांगायची तेव्हा तो वर्तमानपत्र वाचायचा आणि हं म्हणायचा. नऊ हजार चाचण्यांचे आकडे त्याला पाठ होते.

"पुढचं मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही."

सरपंचाच्या पुतण्याने मान खाली घातली.

मग बायकांच्या बाजूने गेनबाची बायको तारा बोलली. तिने पदर नीट केला आणि बसल्या जागेवरूनच सांगितलं. "झऱ्याचं सांगितलंवतं वन्संनी. आमचा झरा कातळाच्या वरल्या अंगाला फुटायचा, आता पुरुषभर खाली फुटतो. त्या म्हनल्या, पानी वाट बदलतंय म्हंजे आतलं हललंय."

"आन गोठ्याचं दार," दुसरी म्हणाली. "दरसाली रंधा मारायचं. दार न्हाय फुगत, चौकट कलतीय, आसं म्हनल्या."

"बांबूचं बी."

"बांबूचं काय?" अंकुशने विचारलं.

"बेट सरळ व्हतं, आता दरीकडं झुकलंय. शेंडे नव्हं, बुंधं. त्या दोरी लावून बघायच्या. दर येळंला आल्या की गाठ मारायच्या, कुठवर आलं त्येची. सात गाठी हायत."

"ती दोरी कुठे आहे?"

"हाय की बांबूलाच."

गेनबा उठला. त्याने अंकुशकडे बघितलं नाही, देवाकडेही नाही. "ताराबाय, भांडी बांधाय घे," तो म्हणाला. "म्या गुरं सोडतो." तो उतरून चालायला लागला तशी आणखी दोन-तीन माणसं उठली. सरपंचाच्या पुतण्याने थोडा वेळ फोनवर नकाशा बघितला, मग फोन खिशात घातला आणि तो ट्रॅक्टर सांगायला निघाला.

बायका मात्र अजून बसल्या होत्या. त्यांच्याकडे सांगायला बरंच होतं. अंकुश त्यांच्यापुढे जमिनीवर मांडी घालून बसला. त्याने खिशातून वही काढली, कांड्यांच्या नोंदी करायची ती. तारीख घातली, गावाचं नाव घातलं. निरीक्षकाच्या रकान्यात आजवर स्वतःचं नाव लिहायचा, तिथे त्याने रंजना अंकुश खोपडे असं लिहिलं. मग झरा, चौकट, बांबू, सात गाठी, एकेक करून उतरवून घेतलं.

"ताई," त्याने ताराला विचारलं, "हे सगळं तिने तुम्हाला कधी सांगितलं?"

"ते सबेत सगळे हसले ना दाजी, त्येच्यानंतर. आमी पान्याला गेलो, तितं बसून सांगितलं. म्हनल्या, ह्यास्नी सांगून उपेग न्हाई, तुमी तरी ध्यानात ठेवा."

अंकुशने तेही लिहिलं.

"आणखी काय म्हणाली?" त्याने विचारलं, आणि नवीन पान उलटलं.